ह्वा श्योंग, वगैरे

चीनच्या इतिहासग्रंथात ह्वा श्योंग या माणसाच्या वाट्याला सात अक्षरं आली आहेत. ती अशी वाचायची: ‘श्याव छी दूदू ह्वा श्योंग देंग’. मराठीत अर्थ असा: ‘त्यांचा दूदू (हे एक लष्करी पद) ह्वा श्योंग वगैरेंची मुंडकी उडवून ती टांगली.’ बस. जन्म कुठला, वय किती, बायकामुलं होती का, तलवार कशी चालवायचा, यातलं काही नाही. त्या सातांतलं शेवटचं अक्षरही ‘वगैरे’ या अर्थाचं आहे. म्हणजे त्याच्याबरोबर आणखी काही जण मेले, त्यांना नावसुद्धा मिळालं नाही.

आणि तरीही चीनमध्ये हे नाव घराघरांत माहीत आहे. कारण या घटनेनंतर हजार-बाराशे वर्षांनी एका कादंबरीने त्याला उचललं, नऊ हात म्हणावा असा धिप्पाड देह दिला, पन्नास हजारांची फौज दिली, एकामागून एक सरदार त्याच्या हातून मारवले आणि मग एका प्रसंगात त्याचं डोकं दुसऱ्याच माणसाकडून उडवलं. तो प्रसंग इतका गाजला की खरा मारणारा कोण होता हे बहुतेकांच्या लक्षातच राहिलं नाही.

मला या गोष्टीत रस आहे तो यासाठी की इतिहास आणि साहित्य यांच्यातलं अंतर मोजायला याहून सोयीचं माप सापडणं कठीण. मोठ्या माणसांबद्दल दोन्हीकडे ढीगभर लिहिलेलं असतं, त्यात काय कुठून आलं ते वेगळं करताना दमछाक होते. इथे एका बाजूला सात अक्षरं आहेत. बाकी सगळं नंतरचं.

आधी काळ समजून घेऊ. हान घराण्याचं राज्य चारशे वर्षांच्या आसपास टिकलं आणि इ.स. १८९ मध्ये त्याचा कणा मोडला. सम्राट लिंग वारला, गादीवर पोरसवदा मुलगा आला. राजवाड्यातल्या खोज्यांनी सेनापतीला मारलं, सेनापतीच्या माणसांनी खोज्यांची कत्तल केली आणि या गोंधळात पश्चिम सरहद्दीवरचा डोंग झुओ हा सरदार फौज घेऊन राजधानी लुओयांगमध्ये शिरला. त्याने त्या बालसम्राटाला खाली उतरवलं, त्याच्या धाकट्या भावाला बसवलं आणि सत्ता स्वतःच्या मुठीत घेतली. पुढच्या वर्षी, १९० मध्ये, पूर्वेकडचे सुभेदार त्याच्याविरुद्ध एकत्र आले. य्वान शाओ हा त्यांचा म्होरक्या. डोंग झुओने राजधानीला आग लावली आणि सम्राटासकट सगळी वस्ती पश्चिमेला चांगआनकडे हाकलली.

आता वाटेल की पूर्वेकडची ही आघाडी त्याच्यावर तुटून पडली असेल. तसं झालं नाही. एक लाखाहून अधिक सैन्य जमलं होतं आणि सरदार रोज मद्याच्या मेजवान्या झोडत बसले होते. हे मी म्हणत नाही, इतिहासग्रंथातच तसं लिहिलंय. त्यावरून आघाडीतल्याच छाओ छाओ या सरदाराने त्यांना खडसावलं. तो स्वतः त्याआधी फौज घेऊन पुढे गेला होता, पण डोंग झुओच्या श्यू रोंग नावाच्या सेनानीने त्याचा दणकून पराभव केला होता. मद्याचे प्याले आणि श्यू रोंग, या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दोन्ही पुन्हा येणार आहेत.

आघाडीतला दुसरा लढणारा माणूस म्हणजे सुन ज्यान. दक्षिणेचा, चांगशाचा सुभेदार, आघाडीतल्या य्वान शू या सरदाराच्या पाठिंब्यावर लुयांग गावी तळ ठोकून होता. लुयांग राजधानीच्या दक्षिणेला आहे. या सुन ज्यानबद्दलची एक हकीकत मला फार प्रिय आहे. आपल्या एका अधिकाऱ्याला निरोप द्यायला त्याने शहराच्या वेशीबाहेर तंबू टाकून मेजवानी मांडली होती. तेवढ्यात शत्रूचे काही डझन घोडेस्वार समोर दिसले. सुन ज्यान प्याले फिरवत, हसत-बोलत होता, तसाच बसून राहिला. सैनिकांना फक्त एवढंच सांगितलं की रांगा धरा, कुणी हलू नका. घोडेस्वार वाढत गेले, तेव्हा तो सावकाश उठला आणि सगळ्यांना शिस्तीत गावात घेऊन गेला. ती शिस्त पाहून शत्रू हल्ला न करता परत फिरला. नंतर त्याने साथीदारांना सांगितलं की मी आधीच उठलो असतो तर चेंगराचेंगरी झाली असती आणि तुम्ही आत पोचला नसता.

यानंतर तो पुढे सरकला आणि ल्यांग गावाच्या पूर्वेला त्याच श्यू रोंगच्या तावडीत सापडला. सैन्य उधळलं. सुन ज्यान काही डझन स्वारांनिशी वेढा फोडून पळाला. त्याच्या डोक्याला नेहमी लाल लोकरी फडकं बांधलेलं असायचं, त्यावरून तो लांबूनही ओळखू यायचा. ते त्याने काढलं आणि त्सू माओ या विश्वासू माणसाच्या डोक्यावर ठेवलं. शत्रूचे स्वार त्सू माओच्या मागे लागले, सुन ज्यान आडवाटेने निसटला. त्सू माओची कोंडी झाली तेव्हा तो घोड्यावरून उतरला, थडग्यांमध्ये एक अर्धवट जळलेला खांब उभा होता त्याला ते लाल फडकं घातलं आणि स्वतः गवतात लपला. स्वारांनी त्या खांबाला कितीतरी पदरी वेढा घातला. जवळ गेल्यावर कळलं की माणूस नाही, लाकूड आहे. मग ते निघून गेले.

इथपर्यंत ह्वा श्योंगचं नाव कुठेही आलेलं नाही.

इ.स. १९१. सुन ज्यानने विखुरलेली माणसं पुन्हा गोळा केली आणि यांगरेन या ठिकाणी ठाण मांडलं. आजच्या हेनान प्रांतात रुझोऊच्या परिसरात हे ठिकाण येतं. डोंग झुओने पाच हजारांचं पायदळ-घोडदळ पाठवलं. मुख्य सेनापती हू झेन, घोडदळाचा प्रमुख ल्यू बू. आणि इथे जे घडलं ते वाचताना मला तरी त्या फौजेतल्या साध्या माणसांची दया येते.

हू झेन तापट होता. निघण्याआधीच त्याने जाहीर केलं की या मोहिमेत एका ‘हिरव्या फितीवाल्या’चं डोकं उडवावं लागेल, तेव्हाच हे सगळे सरळ येतील. फितीचा अर्थ असा: हान काळात अधिकाऱ्याच्या कमरेला शिक्का असे आणि शिक्क्याला रेशमी फीत. फितीच्या रंगावरून दर्जा कळायचा. जांभळी सर्वांत वरच्यांची, त्याखाली निळसर हिरवी, मग काळी, मग पिवळी. हिरवी फीत म्हणजे सुभेदाराच्या तोलाचा माणूस. म्हणजे शिस्तीसाठी आपल्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याला मारायची ही धमकी होती. ती ऐकून हाताखालचे सगळेच बिथरले. ल्यू बूने तर त्याची मोहीम फसवायचंच ठरवलं.

संध्याकाळी फौज यांगरेनपासून काही कोसांवर पोचली. माणसं-घोडी थकलेली. ठरल्याप्रमाणे तिथे मुक्काम करून, दाणापाणी करून, रात्री निघायचं आणि पहाटे हल्ला करायचा, असा बेत होता. ल्यू बूच्या गटाने आवई उठवली की शत्रू पळाला, आत्ताच पाठलाग करा नाहीतर हातचा जाईल. फौज तशीच पुढे दामटली. पोचल्यावर बघतात तर तटबंदीवर कडेकोट पहारा. अचानक छापा घालायची संधी गेलेली. उपाशी, तहानलेले सैनिक चिलखतं उतरवून जमिनीवर आडवे झाले, ना खंदक ना कुंपण. तेवढ्यात पुन्हा ल्यू बूच्याच माणसांनी ओरडा केला की शत्रू बाहेर पडला! अंधारात जो तो धावत सुटला. चिलखतं टाकली, खोगिरं हरवली, घोडी सुटली. दहाएक ली, म्हणजे चारेक किलोमीटर धावल्यावर लक्षात आलं की मागे कुणीच नाही. उजाडल्यावर परत येऊन हत्यारं गोळा केली. तटबंदी भक्कम होती, हल्ला जमण्यासारखा नव्हता.

हा तपशील वांग त्सान (१७७–२१७) याच्या नावावर असलेल्या ‘वीरांच्या नोंदी’ या ग्रंथातला. मूळ ग्रंथ हरवला, पण पेइ सोंगझी नावाच्या टीकाकाराने ४२९ मध्ये मुख्य इतिहासावर जी टिपणं लिहून पूर्ण केली त्यांत हा उतारा राहिला. मुख्य इतिहास म्हणजे चेन शोऊ (२३३–२९७) याने लिहिलेली ‘तीन राज्यांची नोंद’. त्यातल्या सुन ज्यानच्या चरित्रात यांगरेनचा निकाल एका वाक्यात आहे: सुन ज्यानने पुन्हा सैन्य जमवलं, यांगरेनला लढाई केली, डोंग झुओच्या फौजेचा धुव्वा उडवला, आणि मग आपली ती सात अक्षरं.

दोन्ही एकत्र ठेवलं की चित्र उभं राहतं. आपसात वैर असलेले सेनापती, रात्रभर स्वतःच्याच सावलीला घाबरून धावलेली फौज, आणि मग तटबंदीतून बाहेर पडून त्यांना झोडपणारा सुन ज्यान. या पळापळीत ह्वा श्योंग मारला गेला. त्याला नेमकं कुणी मारलं ते ग्रंथ सांगत नाही. विजय सुन ज्यानचा, म्हणून श्रेय सुन ज्यानचं.

‘दूदू’ हे त्याचं पद. हा शब्द फसवा आहे. पुढे २२० नंतरच्या काळात दूदू म्हणजे कित्येक प्रांतांच्या फौजांवर हुकमत गाजवणारा फार मोठा सेनाधिकारी झाला. त्यामुळे मागाहून वाचणाऱ्याला वाटतं की ह्वा श्योंग बडं प्रस्थ असणार. १९१ मध्ये तसं नव्हतं. तेव्हा दूदू हा सेनापतीच्या हाताखाली तुकड्यांवर देखरेख ठेवणारा अधिकारी होता. वर हू झेन, बाजूला घोडदळाचा ल्यू बू, आणि त्यांच्याखाली हा. अगदीच शिपाई नाही, पण ज्याच्यासाठी इतिहासकाराने वेगळं चरित्र लिहावं असाही नाही. फौजेत अशी माणसं शेकड्यांनी असतात. सेनापतींचं भांडण आणि सैनिकांची धावपळ या दोन्हींच्या मध्ये तीच उभी असतात, आणि हुकूम चुकला तर पहिली तीच सापडतात.

त्याचं नावसुद्धा पक्कं नाही. १००८ मध्ये सोंग राजवटीत ‘ग्वांगयून’ नावाचा उच्चारकोश तयार झाला. त्यात ‘ये’ या आडनावाखाली उदाहरण दिलंय ते सुन ज्यानच्या चरित्रातलं: ‘दूवेइ ये श्योंग’. माणूस तोच, पण आडनाव ह्वाऐवजी ये आणि पद दूदूऐवजी दूवेइ. कारण चिनी अक्षरांत आहे. ‘ह्वा’ या चिन्हाचा मूळ अर्थ फूल आणि ‘ये’चा अर्थ पान. दोन्हींच्या डोक्यावर गवताची तीच खूण, खाली आडव्या-उभ्या रेघांची गर्दी. हाताने नकला करणाऱ्या लेखनिकाची नजर चुकली की फुलाचं पान व्हायला वेळ लागत नाही, किंवा पानाचं फूल. मूळ काय होतं हे आता ठरवणं अवघड. छिंग काळातल्या अभ्यासकांनीही यावर टिपणं लिहून ठेवली आहेत.

आणि ते पहिलं अक्षर, ‘श्याव’. त्याचा मूळ अर्थ घुबड. चिन्हात झाड आणि त्याच्यावर पक्ष्याचं डोकं अशी रचना आहे. जुना शब्दकोश सांगतो की हा पक्षी आईबापांशी कृतघ्न मानून मारत असत, आणि चिन्हात त्याचं डोकं झाडावर दाखवलंय. त्यावरून शत्रूचं मुंडकं कापून उंच टांगणं याला हाच शब्द रूढ झाला. सुन ज्यानने हे का केलं असेल ते समजतं. काही महिन्यांपूर्वी त्याची स्वतःची फौज उधळली होती, आपल्या माणसांना दाखवायला काहीतरी हवं होतं. ह्वा श्योंगच्या बाजूने पाहिलं तर मात्र गोष्ट उदास आहे. मेल्यावर तो खुणेपुरता उरला आणि त्या खुणेमुळेच त्याचं नाव टिकलं. तो त्या रात्री वाचला असता तर आज आपल्याला तो माहीत असता असं मला वाटत नाही.

या विजयानंतर सुन ज्यानची रसद य्वान शूने अडवली, कारण कुणीतरी त्याचे कान भरले होते. सुन ज्यान रातोरात शंभराहून अधिक ली घोडा फेकत त्याच्याकडे गेला, जमिनीवर रेघा ओढून मोहिमेचा हिशेब मांडला आणि म्हणाला की डोंग झुओशी माझं काही वैयक्तिक वैर नाही, मी राज्यासाठी आणि तुमच्या घराण्याच्या सूडासाठी लढतोय. रसद सुरू झाली. तो लुओयांगपर्यंत पोचला, जळलेल्या राजधानीत गेला आणि हान सम्राटांच्या उकरलेल्या कबरी साफ करून बुजवल्या. त्या आघाडीत राजधानीत पोचलेला सेनानी म्हणायचा तर तोच.

आता कादंबरी. ‘सान्ग्वो यान्यी’, म्हणजे ‘तीन राज्यांची कहाणी’. चौदाव्या शतकातल्या ल्वो ग्वानझोंगच्या नावावर ती आहे. आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील प्रत १५२२ ची, आणि लोक वाचतात ती १२० प्रकरणांची प्रत सतराव्या शतकात माओ बापलेकांनी संपादित केलेली. ह्वा श्योंग येतो पाचव्या प्रकरणात.

डोंग झुओच्या दरबारात ल्यू बू म्हणतो, मी जातो लढायला. तेवढ्यात मागून आवाज येतो: ‘कोंबडी कापायला बैलाचा सुरा कशाला?’ हे वाक्य मुळात कन्फ्यूशियसचं, ‘संवादां’त आलेलं, तिथे ते एका शिष्याशी हसत बोलताना आहे. कादंबरीकाराने ते एका सैनिकाच्या तोंडी देऊन त्याला एका फटक्यात उभं केलं. मग वर्णन: नऊ छ् उंच, वाघाचं अंग, लांडग्याची कंबर, चित्त्याचं डोकं, वानराचे हात. हान काळातला छ् साधारण २३ सेंटिमीटरचा, म्हणजे उंची जवळजवळ पावणेसात फूट. डोंग झुओ खूश होऊन त्याची पदोन्नती करतो आणि पन्नास हजारांची फौज देऊन सिश्वेइ घाटाच्या नाक्यावर पाठवतो. पाच हजारांचे पन्नास हजार झाले, हाताखालचा अधिकारी मुख्य सेनापती झाला, आणि खरा सेनापती हू झेन हा ह्वा श्योंगचा दुय्यम झाला. लढाईची जागासुद्धा हलली. यांगरेन लुओयांगच्या दक्षिणेला, सिश्वेइ पूर्वेला.

पुढे तो एकेकाला मारत सुटतो. आधी बाओ झोंग. मग सुन ज्यानवर रात्रीचा छापा. इथे लाल फडक्याची ती सगळी हकीकत येते, पण श्यू रोंगच्या जागी ह्वा श्योंग घालून. सुन ज्यानने धनुष्य इतकं ताणलं की ते मोडलं. त्सू माओने फडकं खांबाला घातलं, पण इतिहासात जो गवतात लपून वाचला तो इथे झाडीतून ह्वा श्योंगवर चालून जातो आणि मारला जातो. दुसऱ्या दिवशी ह्वा श्योंग ते लाल फडकं बांबूच्या टोकाला लावून आघाडीच्या तळासमोर येतो आणि शिव्या देत आव्हान देतो. यू शे जातो, तिसऱ्या फेरीच्या आत मरतो. मोठी कुऱ्हाड घेऊन फान फेंग जातो, तोही मरतो. अठरा सुभेदार तंबूत बसलेले, चेहरे पडलेले. य्वान शाओ हळहळतो की माझे यान ल्यांग आणि वेन छोऊ इथे असते तर!

पायरीखालून एक माणूस बोलतो की मी जातो. कोण हा? कादंबरीचा नायक लिऊ बेइ याचा मानलेला भाऊ ग्वान यू. हुद्दा काय? घोड्यावरचा तिरंदाज. य्वान शू खवळतो की आमच्याकडे सरदार नाहीत असं समजून एक तिरंदाज बोलायला धजतो? हाकला याला. छाओ छाओ मध्ये पडतो: बोलतोय तर काहीतरी दम असेल, जाऊ दे, हरला तर मग शिक्षा करा. य्वान शाओची अडचण अशी की तिरंदाज पाठवला तर ह्वा श्योंग हसेल. छाओ छाओ म्हणतो, याचं रूप साधं नाही, ह्वा श्योंगला काय कळणार हा तिरंदाज आहे ते? आणि तो गरम मद्याचा प्याला भरायला सांगतो. ग्वान यू म्हणतो, ‘भरून ठेवा, हा आलोच.’

तो तलवार घेऊन बाहेर पडतो आणि कादंबरीकार त्याच्याबरोबर बाहेर जातच नाही. हे मला या सगळ्यातलं सर्वांत मोठं कसब वाटतं. आपण तंबूतच बसून राहतो. बाहेर ढोल वाजतात, आभाळ कोसळावं असा आरडाओरडा होतो, तंबूतले सगळे घाबरलेले. कुणाला तरी बघायला पाठवावं एवढ्यात घोड्याच्या घंट्या वाजतात आणि ग्वान यू आत येऊन ह्वा श्योंगचं मुंडकं जमिनीवर टाकतो. प्याल्यातलं मद्य अजून गरम.

वार कसा झाला, किती फेऱ्या झाल्या, एक शब्द नाही. वेळ मोजायला प्याला ठेवलाय आणि लढाई कानांनी ऐकवली आहे. सहा-सात पानं ह्वा श्योंगला मोठं करण्यात घालवली, ती या एका प्याल्यासाठी. तो जितका उंच, जितक्यांना मारणारा, तितकं मद्य गरम राहण्याला वजन. फान फेंगसारखी माणसंही त्यासाठीच आणून मारली आहेत. जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तशी.

आणि नीट पाहिलं तर हा प्रसंग हुद्द्यांबद्दल आहे. तंबूत बसलेले सगळे घराण्याचे, शिक्क्याफितीचे. जो जातो त्याला बसायलाही जागा नव्हती. छाओ छाओ सोडला तर कुणालाही माणूस दिसत नाही, पद दिसतं. मुंडकं पडल्यावरही य्वान शू चांग फेइवर, ग्वान यूच्या दुसऱ्या मानलेल्या भावावर, ओरडतो की तुमच्यासारख्या शिपाईगड्यांनी इथे मिरवायचं नाही. छाओ छाओ त्यांना गुपचूप मांस आणि मद्य पाठवतो. आठवतं का, खऱ्या इतिहासातही रोज मेजवान्या झोडणाऱ्या या सरदारांना छाओ छाओनेच सुनावलं होतं. प्रसंग रचलेला आहे, पण त्या आघाडीचा स्वभाव कादंबरीकाराने अचूक पकडलाय.

हे मान्य करूनही मला सुन ज्यानबद्दल वाईट वाटतं. त्याचा विजय गेला. यांगरेनचा शूर माणूस कादंबरीत रसद न मिळाल्याने हरून पळणारा झाला. रसद खरंच अडवली होती, पण विजयानंतर, ती विजयाच्या आधी आणली. श्यू रोंगचंही तेच. छाओ छाओ आणि सुन ज्यान या दोघांनाही हरवणारा त्या युद्धातला तो एकमेव सेनानी, आणि त्याची सुन ज्यानवरची फत्ते ह्वा श्योंगच्या खात्यावर गेली. हू झेनला तर कादंबरीत सुन ज्यानचा साथीदार छेंग फू घशात भाला खुपसून ठार करतो. प्रत्यक्षात हू झेन पुढच्या वर्षीही जिवंत होता.

ग्वान यूच का, हा प्रश्न उरतो. यांगरेनच्या लढाईत त्याचं नाव इतिहासात नाही. त्याच्या नावावर एक खराखुरा थक्क करणारा पराक्रम आहे, तो २०० सालचा. बाइमा येथे त्याने य्वान शाओच्या यान ल्यांगचं निशाण आणि छत्र लांबून पाहिलं, घोड्याला टाच मारली, हजारोंच्या गर्दीत घुसून त्याला भोसकलं, डोकं कापलं आणि परत आला. हे चेन शोऊने लिहिलंय. म्हणजे ह्वा श्योंगचा प्रसंग हवेतून आलेला नाही. नऊ वर्षांनंतरच्या खऱ्या पराक्रमाची सावली मागे नेऊन टाकल्यासारखी आहे. कादंबरी लिऊ बेइच्या बाजूची, आणि पहिल्या मोठ्या युद्धात त्याच्या भावांना काही काम नसणं कथेला परवडणारं नव्हतं. शिवाय तोवर ग्वान यू देव होऊ लागला होता. सोंग काळापासून सम्राट त्याला मरणोत्तर पदव्या देत आले होते, आणि १६१४ मध्ये मिंग सम्राटाने त्याला थेट सम्राटपदाची दैवी पदवी दिली.

तो देव आपल्याकडेही आलाय. मुंबईत माझगावला १९१९ साली कँटनकडच्या चिनी खलाशांनी बांधलेलं छोटं देऊळ आहे, त्यातला ‘क्वान ताय’ म्हणजेच हा ग्वान यू. न्याय आणि धैर्याचा देव म्हणून तिथे त्याच्यापुढे उदबत्त्या लागतात.

अठराव्या शतकातला इतिहासकार झांग श्युएछेंग या कादंबरीबद्दल म्हणाला होता की हिच्यात सात भाग खरं आणि तीन भाग रचलेलं, म्हणून वाचणारा गोंधळतो. बखर आणि त्या काळची पत्रं समोरासमोर ठेवून वाचायची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे लगेच कळेल. ह्वा श्योंगच्या बाबतीत मात्र तीन भाग खरं म्हणणंही जास्त होईल. नाव खरं, तेही कदाचित पान असलेलं फूल. डोंग झुओचा माणूस हे खरं. १९१ मध्ये मुंडकं उडालं हे खरं.

मागे राहिलेल्यांचं काय झालं ते सांगतो. डोंग झुओला १९२ मध्ये ल्यू बूनेच मारलं. त्यानंतर डोंग झुओच्या उरलेल्या सरदारांनी चांगआनवर चाल केली, त्यांना अडवायला हू झेन आणि श्यू रोंग या दोघांना एकत्र पाठवण्यात आलं. श्यू रोंग लढता लढता पडला. हू झेनने फौजेसकट शरणागती पत्करली. सुन ज्यान त्याच सुमारास श्यांगयांगच्या बाजूला लढताना गेला. त्याचा मुलगा सुन छ्वेन पुढे दक्षिणेकडच्या वू राज्याचा सम्राट झाला, आणि २१९-२० च्या हिवाळ्यात ज्याला त्याच्या फौजेने पकडून मारलं तो ग्वान यू होता. बापाचा विजय कादंबरीने ज्याला दिला, त्याचं डोकं मुलाने घेतलं.

यांगरेनला ह्वा श्योंगबरोबर ज्यांची मुंडकी टांगली गेली त्या ‘वगैरें’ची नावं मात्र कोणत्याच ग्रंथात नाहीत.